गोळी राखून ठेवता येत नाही

पत्र असं आहे:

«बाबांना सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. वय आता 67. पहिली दोन वर्षं प्रामिपेक्सोलवर निभावलं, मग त्याच्या जोडीला लेव्होडोपा-कार्बिडोपा सुरू झालं. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ अशा तीन गोळ्यांवर माणूस छान हिंडत-फिरत होता. गेल्या वर्षभरात गणित बिघडलंय. बाराच्या सुमारास पाय जड होतात, अक्षर बारीक होतं, खुर्चीतून हात देऊन उठवावं लागतं. दुपारची गोळी जेवणानंतर घेतात, ती तर कधीकधी लागूच पडत नाही. उलट सकाळच्या गोळीनंतर तासाभराने मान आणि खांदे डोलायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, आजार वाढला. डॉक्टरांनी प्रत्येक गोळीबरोबर एन्टाकापोन दिलं, पण लघवी नारिंगी दिसली आणि बाबांनी ते परस्पर बंद केलं. लेव्होडोपा पाच वर्षंच चालतं असं त्यांनी कुठेतरी ऐकलंय. म्हणून ‘पुढच्यासाठी राखून ठेवतो’ म्हणत कधी अर्धीच गोळी घेतात, कधी गाळतात. एका नातेवाइकांनी खाजकुहिलीची पूड आणून दिली आहे, तीही मधूनमधून चालू असते. रात्री झोप नाही, मग फोनवरून काहीबाही मागवत बसतात. घरात तीन दुर्बिणी झाल्या, पण तेवढीच करमणूक म्हणून आम्ही काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. माझा प्रश्न एवढाच: गोळीची ताकद संपत आली आहे का?»

नाही. गोळी चार वर्षांपूर्वी होती तशीच आहे, आणि बाबांच्या मेंदूला ती आजही चालते. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे: सकाळच्या गोळीनंतर ते हलू-फिरू लागतात. औषध निकामी झालं असतं तर सकाळही गेली असती. बदल झालाय तो मेंदूत, औषध साठवून ठेवणाऱ्या जागेत. हे एकदा नीट कळलं की बाराचे जड पाय, फुकट जाणारी दुपारची गोळी आणि डोलणारी मान या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून थोडं मुळापासून सांगते. हे बाबांनाही वाचायला द्या. गोळी घ्यायची की गाळायची हे ते ठरवताहेत, तर माहितीही त्यांच्याच हातात हवी.

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि आपल्या लांब तंतूंवाटे ते स्ट्रायाटम नावाच्या भागात सोडतात. हालचाल कधी सुरू करायची, किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, याचा मेळ तिथे बसतो. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. पहिली लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. तोवर उरलेल्या पेशी जास्तीचं काम उपसत असतात आणि माणसाला पत्ताही नसतो.

डोपामिन कमी पडतंय तर डोपामिनचीच गोळी का देत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा डोपामिनला आत घेत नाही. लेव्होडोपा ही डोपामिनच्या अलीकडची पायरी आहे. ते एक अमिनो आम्ल आहे, आणि अमिनो आम्लांना मेंदूत नेणारे वाहक त्या पडद्यात असतात, त्यांच्यामार्फत ते आत जातं. आत गेल्यावर उरलेल्या पेशी त्याचं डोपामिन करतात. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 साली रेसर्पिन नावाचं औषध देऊन निपचित पाडलेल्या सशांना डोपा टोचलं आणि ते ससे पुन्हा हिंडू लागले. या शोधमालिकेसाठी त्यांना 2000 सालच्या नोबेलचा वाटा मिळाला. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी 1960 मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन किती घटलेलं असतं ते मोजून दाखवलं आणि पुढच्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर यांच्यासोबत रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून दिलं. तोंडावाटे, हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेपर्यंत जाण्याची वाट जॉर्ज कोट्झियास यांनी 1967 मध्ये दाखवली.

त्या काळी ही मात्रा काही ग्रॅमपर्यंत जायची आणि रुग्ण उलट्यांनी हैराण व्हायचे. कारण लेव्होडोपाचं डोपामिन करणारं विकर (एन्झाइम) आतडं, यकृत, मूत्रपिंड असं शरीरभर असतं. मेंदूत पोचण्याआधी बहुतेक औषध बाहेरच डोपामिन होऊन जायचं आणि ते डोपामिन मळमळ घडवायचं. कार्बिडोपा हे विकर अडवतं. ते स्वतः मेंदूत शिरत नाही, त्यामुळे मेंदूतलं रूपांतर चालूच राहतं. तुमच्या गोळीवर दोन आकडे असतात ते यासाठी. एक लेव्होडोपाचा, दुसरा कार्बिडोपाचा. बाहेरचं विकर पुरेसं दबायला दिवसाला साधारण 75 ते 100 मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. 100 मिलिग्रॅम लेव्होडोपाची गोळी 10 कार्बिडोपासोबतही येते आणि 25 सोबतही. तेव्हा डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला नुसतं ‘शंभरची गोळी’ सांगू नका, दोन्ही आकडे सांगा.

आता बाराचे जड पाय. लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. दीड तासाच्या आसपास त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग सुरुवातीची वर्षं सहा सहा तास कशी निघाली? त्या वेळी डोपामिनच्या पेशी शिल्लक होत्या. गोळीतून आलेलं लेव्होडोपा घेऊन त्या डोपामिन करत, साठवून ठेवत आणि गरजेप्रमाणे थोडं थोडं सोडत. गाठीला पैसा असलेल्या घरात पगार चार दिवस उशिरा आला तरी चूल थंड पडत नाही. तेच घर हातावर पोट असलेलं झालं की ज्या दिवशी मजुरी नाही त्या दिवशी उपास. बाबांचा मेंदू आता हातावर पोट असलेला झालाय. साठवणाऱ्या पेशी घटल्यामुळे रक्तात लेव्होडोपा असेल तोवर हालचाल, उतरलं की जडपणा. याला ‘वेअरिंग ऑफ’ म्हणतात. रुग्णांच्या तोंडी ‘गोळी उतरली’, ‘मी ऑफ झालो’ असे शब्द असतात. एवढ्या वर्षांनंतर हे होणं अपेक्षितच आहे. यात कोणाचं काही चुकलेलं नाही.

राखून ठेवण्याच्या हिशेबातली गोम इथेच आहे. आज न घेतलेली गोळी पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही, कारण ती जिथे जमा व्हायची ती जागा तिच्या वापरामुळे घटत नसून आजारामुळे घटतेय. बाबांनी ऐकलेली पाच वर्षांची गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगायला हवं. लेव्होडोपा सुरू झाल्यावर काही वर्षांनी चढउतार दिसू लागतात हे खरं आहे, आणि हे औषध पेशींना विषारी तर नाही ना, अशी शंका डॉक्टरांनाही बराच काळ होती. तिचा छडा लावायला चांगले अभ्यास झाले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या 361 रुग्णांना 40 आठवडे लेव्होडोपा किंवा खोटी गोळी दिली, मग दोन आठवडे सगळं थांबवलं. लेव्होडोपा घेतलेल्यांची अवस्था औषध थांबवल्यावरही खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हती. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या 445 रुग्णांचा अभ्यास आला. अर्ध्यांना लगेच लेव्होडोपा, उरलेल्यांना 40 आठवडे उशिरा. 80 आठवड्यांनी दोन्ही गट एकाच पातळीवर. म्हणजे या औषधाने आजार लवकर वाढतही नाही आणि थांबतही नाही. लक्षणांवर मात्र ते काम करतं, आणि जगायचं असतं ते लक्षणांसकटच.

मला सर्वांत पटतो तो 2014 सालचा घाना आणि इटली यांची तुलना करणारा अभ्यास. घानातल्या रुग्णांना औषध मिळायलाच उशीर झाला होता, इटलीतल्यांना त्यामानाने लवकर मिळालं होतं. लेव्होडोपा उशिरा सुरू केल्याने घानातल्या रुग्णांचे चढउतार पुढे ढकलले जायला हवे होते. तसं झालं नाही. आजार सुरू होऊन किती वर्षं झाली आणि रोजची मात्रा किती मोठी आहे, यांच्याशी त्रासाचा संबंध दिसला. औषध किती वर्षं घेतलं याच्याशी नाही. घानातल्या रुग्णांच्या वाट्याला काय आलं, तर काही वर्षांचा फुकटचा जडपणा.

बाबा तेच करताहेत, रोज थोडं थोडं. शिवाय अर्ध्या गोळीचा आणखी एक घोटाळा आहे. हालचाल सुरू व्हायला रक्तातलं प्रमाण एका ठरावीक रेषेच्या वर जावं लागतं. अर्ध्या गोळीने पुष्कळदा ते तिथवर पोचतच नाही, म्हणजे अर्ध्या गोळीत अर्धं काम न होता काहीच होत नाही. वरून बाबांचा समज पक्का होतो की गोळी आता चालत नाही! एक एक मात्रा लहान करून वेळा वाढवणं हा उपाय डॉक्टर वापरतात, पण तेव्हा ते मात्रा आणि अंतर दोन्हींचा एकत्र विचार करतात. घरच्या घरी तोडलेली गोळी म्हणजे तो उपाय नव्हे. तुमची गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची असेल तर ती कुटायची किंवा चावायची तर अजिबातच नसते, तिचा सगळा बेतच मोडतो.

दुपारची गोळी का लागत नाही? तुम्ही लिहिलंय, ती जेवणानंतर घेतात. बहुधा तिथेच उत्तर आहे. लेव्होडोपा पोटात शोषलं जात नाही. ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि पार्किन्सन्समध्ये जठर आधीच संथ असतं. भरल्या पोटी गोळी जठरातच ताटकळत राहते. त्यातून पुढे सरकली तर प्रथिनं आडवी येतात. दूध, अंडी, मांस, कडधान्यं यांतून आलेली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच वाहकांवर हक्क सांगतात, आतड्यातही आणि मेंदूच्या पडद्यावरही. गर्दीत लेव्होडोपा मागे राहतं. पूर्वी हे जाणवलं नाही, कारण साठा होता.

म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत प्रथिनं फारशी नसलेलं काहीतरी कोरडं, थोडंसं खायला हरकत नाही. प्रथिनं तोडू मात्र नका. या आजारात वजन आणि स्नायू आधीच घटतात. ज्यांना दिवसा फारच अडचण येते त्यांच्यासाठी प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यायची पद्धत आहे, ती आहारतज्ज्ञाला विचारून करा. लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपापासून दोनेक तास लांब, कारण लोह त्याला धरून ठेवतं. आणि बद्धकोष्ठावर इलाज करा. पोट साफ नसेल तर गोळीही वेळेवर काम करत नाही, असा अनुभव बरेच रुग्ण सांगतात.

एवढा एक बदल केलात तरी दुपार बरीच सुधारेल असा माझा अंदाज आहे. डॉक्टर औषध वाढवण्याआधी हा बदल झालेला असावा, नाहीतर ते फुकट जाणाऱ्या गोळीवर आणखी गोळी चढवतील.

एन्टाकापोनची लघवी नारिंगी किंवा तांबूस दिसते. तो औषधाचा रंग आहे, त्यात धोका काही नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं; एका वाक्याचं काम होतं आणि त्यापायी एक चांगलं औषध बंद पडलं. कार्बिडोपाने एक वाट बंद केली की शरीर लेव्होडोपा मोडायला दुसरी वाट धरतं, तिथलं विकर म्हणजे सीओएमटी. एन्टाकापोन ते अडवतं, त्यामुळे प्रत्येक गोळी रक्तात थोडी जास्त टिकते. ते एकटं घेतलं तर काही करत नाही, लेव्होडोपाच्या प्रत्येक मात्रेबरोबरच घ्यावं लागतं. ऑपिकापोन हे त्याच जातीतलं, दिवसातून एकदा घ्यायचं. एन्टाकापोनने काहींना जुलाब होतात, कधी सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी, तेव्हा ते लक्षात असू द्या. ते पुन्हा सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारा आणि मधल्या काळात बंद होतं हे लपवू नका. कारण एन्टाकापोन जोडलं की लेव्होडोपा जणू वाढतं, आणि मग मान जास्त डोलू शकते.

मानेचंच घ्या. गोळीनंतर तासाभराने, म्हणजे रक्तातलं प्रमाण शिखरावर असताना, लयीशिवाय वळवळल्यासारखी किंवा डोलल्यासारखी होणारी हालचाल म्हणजे डिस्किनेशिया. ती कंप नव्हे. कंप ठेक्यात असतो आणि बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो. कंप ही औषध कमी पडल्याची खूण, डोलणं ही त्या घडीला जास्त झाल्याची. दोन्हींना एकच नाव देऊन डॉक्टरांकडे ‘थरथर वाढली’ म्हणून सांगितलं तर ते औषध वाढवतील आणि डोलणं आणखी वाढेल. फोनवर मिनिटभराचं चित्रण करून न्या, सोबत गोळी किती वाजता घेतली होती ते सांगा. दहा वाक्यांपेक्षा ते बोलकं ठरतं. बाबांना स्वतःला या डोलण्याचा त्रास होतो का, हेही विचारा. जड होऊन बसण्यापेक्षा थोडं डोललेलं परवडलं असं म्हणणारे खूप असतात, आणि त्यांचं चूक नसतं. बघणाऱ्याला कसंसं होतं हे मात्रा घटवायला पुरेसं कारण नाही. फार झालं तर अमांटाडिन नावाचं औषध डोलणं कमी करतं. ते मुळात फ्लूसाठी होतं. फ्लूसाठी घेणाऱ्या एका स्त्रीचा पार्किन्सन्स सुधारलेला दिसला आणि 1969 साली ते या आजाराच्या यादीत आलं.

आता दुर्बिणींकडे येऊ. तुमच्या अख्ख्या पत्रात मी सर्वांत जास्त थबकले ती या ओळीवर. तुम्ही ती जाताजाता लिहिली आहे. प्रामिपेक्सोल हे डोपामिन अ‍ॅगोनिस्ट. ते डोपामिन बनत नाही, डोपामिनच्या जागी स्वतःच पेशींवरच्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर) जाऊन बसतं. पेशींनी साठवायची गरज नाही, लेव्होडोपापेक्षा जास्त वेळ टिकतं, प्रथिनांशी भांडण नाही. फायदे खरे आहेत. पण ज्या ग्राहकांवर त्याचा विशेष जोर आहे, ते मेंदूच्या सुख आणि बक्षीस जाणणाऱ्या भागात दाट असतात. त्यामुळे काहींना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक इच्छा यांपैकी कशाचा तरी आवरता न येणारा नाद लागतो. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के जणांत असं काहीतरी आढळलं. हे दुर्मीळ म्हणता येणार नाही. काहींना एकच गोष्ट खोलायची, जोडायची, रचायची अशी रात्रभराची खटपटही लागते.

तीन दुर्बिणींवरून मी निदान करत नाही. म्हातारपणी आकाश बघायचा छंद जडला असेल तर उत्तमच. पण रात्री किती वेळ जातो, किती पैसे गेले, वस्तू आल्यावर उघडल्या तरी जातात का, विचारलं की चिडतात किंवा लपवतात का, हे शांतपणे बघा. बाबांशी बोला तेव्हा सुरुवातच ‘हा त्या गोळीचा परिणाम असू शकतो’ अशी करा. माणसाला वाटत असतं आपलाच तोल सुटला, आपण बिघडलो, आणि लाजेपोटी तो डॉक्टरांपुढे गप्प बसतो. तुम्ही बोललात तर त्यांची सुटका होईल. सोबत हेही विचारा: दिवसा अचानक डुलकी लागते का? या गटाच्या औषधांनी बोलता बोलता किंवा गाडी चालवताना झोप येऊ शकते. पाय सुजणं, नसलेली माणसं दिसणं हेही याच यादीतलं. इलाज म्हणजे मात्रा उतरवणं, तीही डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. एकदम बंद केलं तर अस्वस्थता, उदासी, घाम, पॅनिक असा वेगळाच त्रास सुरू होतो. लघवीच्या रंगावरून एन्टाकापोन थांबवलं तसं हे थांबवायचं नाही, एवढं बाबांकडून कबूल करून घ्या.

खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, त्यामुळे ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. अडचण नेमकी तिच्या उपयोगी असण्यात आहे. पुडीत किती लेव्होडोपा आहे हे कोणालाच माहीत नाही, दर वेळी ते वेगळं असू शकतं, आणि बाबांच्या गोळीच्या वर ते जमा होतं. कुठल्या दिवशीचं डोलणं गोळीचं आणि कुठलं पुडीचं, हे मग डॉक्टर कसं ओळखणार? तूर्त बाजूला ठेवा, आणि आजवर घेतली ते डॉक्टरांना सांगा.

उरलेल्या औषधांचं थोडक्यात. सेलेजिलिन, रासाजिलिन, साफिनामाइड ही मेंदूतलं डोपामिन मोडणारं एमएओ-बी हे विकर अडवतात, त्यामुळे आहे ते डोपामिन थोडं जास्त पुरतं. यांपैकी काही पुढे सुरू झालं तर नैराश्याच्या काही गोळ्या, ट्रामाडोल, पेथिडिन आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याशी त्यांचं वाकडं आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. ट्रायहेक्सिफेनिडिल हे जुनं औषध कंपावर चालतं, पण बाबांच्या वयात ते विसराळूपणा, भ्रम, लघवी अडणं, बद्धकोष्ठ असं बरंच काही देऊन जातं. कोणी सुचवलं तर दोनदा विचारा. गोळ्यांच्या वेळा कितीही जुळवल्या तरी दिवस सुधरेनासा झाला तर त्वचेखालून अपोमॉर्फिन, आतड्यात थेट जाणारं लेव्होडोपाचं जेल, किंवा मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत.

एक अपेक्षा मात्र गोळीकडून ठेवू नका. हातपायांचा ताठरपणा आणि संथपणा यांवर लेव्होडोपाचा हात चांगला बसतो. कंपावर कधी चांगला, कधी बेताचा. तोल जाणं, पुटपुटतं बोलणं, गिळताना ठसका, बद्धकोष्ठ, विस्मरण यांवर फारसा नाही, कारण त्यात डोपामिनखेरीज इतर रसायनंही गुंतलेली असतात. तिथे व्यायाम, वाचाउपचार, फिजिओथेरपी यांचंच काम. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का तेही पाहा. आजार आणि औषधं दोन्ही रक्तदाब उतरवतात, म्हणून बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा तो मोजून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन-चार दिवसांची नोंद करा. कागदावर तासांचे रकाने पाडा. गोळी घेतलेली नेमकी वेळ, जेवणाची वेळ, आणि प्रत्येक तासाला बाबा जड होते, ठीक होते की डोलत होते. एवढंच. हा कागद पाहून न्यूरॉलॉजिस्ट दहा मिनिटांत ठरवू शकतील की अंतर साडेचार तासांवर आणायचं, एन्टाकापोन पुन्हा आणायचं, की दुपारचं जेवण सरकवलं तरी भागेल. तो कागद घेऊन जाईपर्यंत एकच करा: लिहून दिलेली पूर्ण गोळी, लिहून दिलेल्या वेळी, जेवणापासून लांब. फोनचा गजर लावा. इथे अर्ध्या तासाचा उशीरही मोजावा लागतो.

ऑपरेशनचं आजच मनावर घ्या. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधी भेटून पार्किन्सन्स आहे हे सांगा आणि गोळ्यांचं वेळापत्रक लिहून द्या. शक्य असेल तर सकाळचा पहिला क्रमांक मागा. ‘रात्रीपासून तोंडात काही नाही’ या सूचनेत पार्किन्सन्सची गोळी येते का, हे स्पष्ट विचारा. बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर ती घेऊ देतात, पण ते भूलतज्ज्ञांनी ठरवायचं. गोळ्या बराच वेळ गाळल्या तर नुसतं जडपण येत नाही. तीव्र ताठरपणा, ताप, भ्रम असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. तोंडाने घेणं शक्य नसेल तर नाकातल्या नळीतून देता येतं, किंवा रोटिगोटिनचा त्वचेवर लावायचा पॅच वापरता येतो. आपल्या गोळ्या मूळ वेष्टनात सोबत न्या. वॉर्डातल्या औषधफेरीची वेळ आणि बाबांची वेळ जुळेलच असं नाही.

दोन-तीन नावं मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या फाइलवर चिकटवा. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन नको. ऑपरेशननंतर रात्री बरळायला लागले तर हॅलोपेरिडॉल नको. ही तिन्ही मेंदूतले डोपामिनचे ग्राहक अडवतात, म्हणजे बाबांची गोळी आत पोचूनही उपाशीच राहते. उलटीसाठी ऑनडान्सेट्रॉन सहसा चालतं. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून चालू शकतं, पण त्याआधी हृदयाचा आलेख बघतात. आणि हा कागद फाइलवर लावलात तरी पहिल्या रात्री बाबांजवळ घरचं कोणीतरी जागं असू द्या, ज्याला गोळीची वेळ पाठ आहे.